कच्च्या फितीवरचा अल्बम: ‘नेब्रास्का’ची पूर्वपीठिका आणि घडण

स्वतः रचलेली गाणी एकट्या गायकाने गिटारच्या साथीवर गावीत आणि त्या गाण्यांचा एक सलग अल्बम निघावा, ही अमेरिकन लोकप्रिय संगीतातली प्रथा वरवर पाहता फार जुनी आणि स्वाभाविक वाटते. प्रत्यक्षात ती विसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने घडली, आणि तिच्या घडणीत गायकांच्या स्वभावाइतकाच ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांचा, तबकडीवर मावणाऱ्या मिनिटांचा आणि कंपन्यांच्या हिशेबांचाही वाटा आहे. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचा ‘नेब्रास्का’ हा सहावा अल्बम कोलंबिया कंपनीने ३० सप्टेंबर १९८२ रोजी प्रकाशित केला, आणि तो या प्रथेतला सर्वांत विलक्षण टप्पा मानावा लागतो, कारण मुळात तो अल्बम म्हणून ध्वनिमुद्रित झालाच नव्हता. भाड्याच्या घरातल्या झोपण्याच्या खोलीत, साध्या कॅसेटवर, साथीदारांना चाली समजाव्यात एवढ्याच हेतूने केलेले ते टिपण होते, आणि पुढे व्यावसायिक स्टुडिओत अनेक प्रयत्न करूनही त्याहून सरस काही हाती न लागल्याने तेच श्रोत्यांपुढे आले.

या प्रथेची पहिली अट म्हणजे मायक्रोफोन. १९२५च्या सुमारास विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण रूढ होण्यापूर्वी गायकाला मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून गावे लागे आणि केवळ आवाजाच्या जोरावर सुई मेणात खाच कोरत असे, त्यामुळे दबक्या आवाजात गाणारा माणूस आणि बोटांनी छेडलेली गिटार यांना तबकडीवर फारशी जागा नव्हती. मायक्रोफोनमुळे हळू बोलल्यासारखे गाणेही टिपता येऊ लागले, आणि त्याच दशकात आतड्याच्या तारांऐवजी पोलादी तारांची गिटार सर्वत्र पसरल्याने एकट्या वादकाच्या हाती पुरेसा बुलंद नाद आला. १९३३च्या उन्हाळ्यात जॉन लोमॅक्स आणि त्यांचे चिरंजीव ॲलन हे लोकगीतांचे संग्राहक ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी तीनशे पौंडांहून जड ध्वनिमुद्रण यंत्र मोटारीत घालून दक्षिणेकडच्या तुरुंगांतून हिंडले, आणि लुईझियानातल्या अँगोला तुरुंगात त्यांना हडी लेडबेटर ऊर्फ लेड बेली हा बारा तारांच्या गिटारवर गाणारा थोर गायक भेटला. मात्र ही सारी खटपट संग्रहाची होती. गाणे परंपरेचे आणि गायक तिचा वाहक, अशीच तिच्यामागची समजूत होती.

गायक हाच गीतकार आणि त्याच्या गाण्यांना आरंभ-अखेर असलेले एकसंध रूप, ही कल्पना ठळकपणे दिसते ती वुडी गथ्री यांच्या ‘डस्ट बोल बॅलड्स’मध्ये. ओक्लाहोमा राज्यातल्या ओकीमा या गावी १९१२ साली जन्मलेले गथ्री १४ एप्रिल १९३५ रोजी टेक्सासमधल्या पँपा या गावी राहत होते, आणि त्या दिवशी आलेल्या काळ्याकुट्ट धुळीच्या वादळाचे व त्यानंतर देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांचे ते प्रत्यक्ष साक्षीदार होते. १९४०च्या एप्रिल आणि मे महिन्यांत न्यू जर्सीतल्या कॅम्डेन येथे व्हिक्टर कंपनीने त्यांची गाणी मुद्रित केली. त्या काळी अल्बम म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या ठेवण्यासाठी बांधलेली जाड पुठ्ठ्याची वही असे, आणि गथ्रींच्या गाण्यांच्या अशा दोन वह्या, प्रत्येकीत तीन तबकड्या, त्याच वर्षी विक्रीस आल्या. तबकडीची एक बाजू चारेक मिनिटांत संपत असल्याने जॉन स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ राथ’ या कादंबरीच्या कथानकावरचे ‘टॉम जोड’ हे दीर्घ गाणे दोन बाजूंवर तोडून घालावे लागले, म्हणजे अकरा गाण्यांनी बारा बाजू भरल्या. गथ्री एकटे गात होते यात त्या वेळी कोणालाही त्याग वा बाणा दिसला नाही. रस्त्यावर, स्थलांतरितांच्या छावण्यांत आणि संपाच्या सभांत ते जसे गात आले होते तसेच त्यांनी कॅम्डेनलाही गायिले. कंपनीला मात्र या तबकड्यांत फारसा रस उरला नाही, आणि १९५० साली मोझेस ॲश यांच्या फोकवेज या छोट्या संस्थेने त्या नव्याने काढल्या.

फोकवेजनेच १९५२ साली हॅरी स्मिथ यांनी निवडलेल्या ८४ जुन्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह प्रसिद्ध केला, आणि न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागातल्या कॉफीगृहांत जमणाऱ्या तरुण गायकांनी तो पाठ्यपुस्तकासारखा गिरवला. या तरुणांपैकी बॉब डिलन यांचा पहिला अल्बम १९६१च्या नोव्हेंबरात अवघ्या दोन दुपारांत मुद्रित झाला आणि १९ मार्च १९६२ रोजी प्रकाशित झाला. निर्माते होते जॉन हॅमंड. ‘प’सारखे ओष्ठ्य वर्ण उच्चारताना तोंडातून सुटणारा हवेचा झोत मायक्रोफोनवर आदळून फटका उमटतो आणि ‘स’चा शीत्कार कानाला बोचतो, त्यामुळे अनुभवी गायक मान किंचित वळवून गातात; डिलन यांना ही शिस्त ठाऊकच नव्हती आणि ती शिकण्याची त्यांची तयारीही नव्हती, अशी हॅमंड यांची तक्रार होती. तरीही त्यांनी ती ध्वनिमुद्रणे तशीच जाऊ दिली. हॅमंड यांचा हा निर्णय या लेखाच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे, कारण स्टुडिओतला दोष हा गायकाच्या सच्चेपणाचा पुरावा ठरू शकतो, ही पुढे रुजलेली समजूत इथे एका मोठ्या कंपनीच्या अधिकाऱ्याने पहिल्यांदा व्यवहारात स्वीकारलेली दिसते.

१९६५ साली चित्र पालटले. लोकगीताची रचना आणि आशय यांना विजेच्या गिटारची व ढोलसंचाची जोड देणाऱ्या संगीताला ‘फोक रॉक’ म्हटले जाऊ लागले; डिलन यांनी त्या वर्षीच्या मार्चमध्ये आलेल्या अल्बमची एक बाजू वाद्यवृंदासह आणि दुसरी मुख्यतः एकट्याच्या गिटारवर ठेवली, आणि २५ जुलै रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात ते विजेची गिटार घेऊन उभे राहिले तेव्हा श्रोत्यांतून निषेधाचे सूर उमटले. या घटनेची चर्चा बहुधा बंडखोरीच्या अंगाने होते, परंतु तिचा आणखी एक परिणाम झाला, जो अधिक खोल होता. वाद्यवृंद हा नियम झाल्यावर एकट्याने गाणे ही निवड ठरली, आणि निवड ठरताच तिला अर्थ चिकटला: जो एकटा गातो त्याने काहीतरी नाकारले आहे, असे श्रोता गृहीत धरू लागला.

या नव्या अर्थाची दोन ध्वनिमुद्रणे विशेष उल्लेखनीय आहेत. कॅनडाच्या जोनी मिचेल यांना लहानपणी झालेल्या पोलिओमुळे डावा हात दुबळा राहिला होता आणि म्हणून त्या गिटारच्या तारा रूढ पद्धतीने न जुळवता खुल्या तारांतूनच स्वरसमूह उमटेल अशा रीतीने जुळवत. त्यांच्या १९६८च्या पहिल्या अल्बमसाठी निर्माते डेव्हिड क्रॉस्बी यांनी त्यांना उघड्या पियानोत तोंड करून गायला लावले, जेणेकरून आवाजाने पियानोच्या तारा आपोआप झंकारतील, पण त्या प्रयोगात फितीवर एवढी खरखर आली की ती काढताना आवाजातली झळाळीही गेली. दुसरे उदाहरण इंग्लंडचे. निक ड्रेक यांचे आधीचे दोन अल्बम तंतुवाद्ये आणि इतर साथीदारांसह झाले होते. तिसऱ्या ‘पिंक मून’साठी ते १९७१च्या ऑक्टोबरात लंडनमधल्या साउंड टेक्निक्स या स्टुडिओत रात्रीच्या वेळी आले आणि ध्वनिमुद्रण अभियंते जॉन वुड यांच्याखेरीज कोणालाही न घेता त्यांनी अठ्ठावीस मिनिटांची अकरा गाणी दोन रात्रींत संपवली. शीर्षकगीतात मागाहून घातलेला पियानोचा एक छोटा तुकडा सोडला तर त्यात फक्त त्यांचा आवाज आणि गिटार आहे. हा अल्बम अपार सुंदर आहे. मात्र तो तयार झाला तो निष्णात अभियंत्याच्या देखरेखीखाली, उत्तम मायक्रोफोनांसमोर. एकांत गायकाचा होता, ध्वनिमुद्रणाची यंत्रणा मात्र व्यवसायाचीच होती.

‘नेब्रास्का’त ही यंत्रणाही बाजूला झाली, आणि त्यासाठी एका विशिष्ट यंत्राची गरज होती. फिलिप्स कंपनीने १९६३ साली बाजारात आणलेल्या कॅसेटमधली फीत चार मिलिमीटरहूनही अरुंद असते आणि तिच्यावर चार समांतर ध्वनिमार्ग असतात, दोन एका बाजूचे आणि दोन उलट्या बाजूचे. जपानच्या टीॲक कंपनीने १९७९ साली काढलेल्या ‘पोर्टास्टुडिओ १४४’ या यंत्रात हे चारही मार्ग एकाच दिशेने वापरले जात, त्यामुळे पहिल्या मार्गांवर गाऊन ठेवलेले ऐकत ऐकत उरलेल्या मार्गांवर दुसरा आवाज वा दुसरे वाद्य भरता येई. दर्जा सुधारण्यासाठी फितीचा वेग सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरवरून दुप्पट, म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर केलेला होता, आणि याचा परिणाम म्हणून तासाभराची कॅसेट पंधरा मिनिटांत संपे. मोठ्या स्टुडिओतली दोन इंच रुंदीची फीत आणि तिच्यावरचे चोवीस मार्ग यांच्यापुढे हे यंत्र अगदीच किरकोळ होते, पण ते टेबलावर मावत असे आणि ते चालवायला अभियंत्याची गरज नसे.

स्प्रिंगस्टीन यांनी हे यंत्र मागवले ते काटकसरीने. १९४९ साली न्यू जर्सीत जन्मलेल्या या गायकाला १९७२च्या मे महिन्यात कोलंबियाच्या दालनात एकट्याच्या गिटारवर ऐकून करारबद्ध करणारे गृहस्थ पुन्हा जॉन हॅमंडच होते. पण त्यानंतरच्या दशकात त्यांची कीर्ती झाली ती ई स्ट्रीट बँड या साथीदारांसह, तासन्‌तास चालणाऱ्या मैफलींतून. १९८०चा ‘द रिव्हर’ हा जोडअल्बम विक्रीच्या यादीत अव्वल ठरला आणि त्याचा दौरा सप्टेंबर १९८१मध्ये संपला. स्टुडिओत बसून गाणी लिहिण्यात फार पैसा आणि वेळ जातो हे ध्यानी आल्याने त्यांनी वाद्यांची देखभाल करणारे साहाय्यक माइक बॅटलन यांना एक साधे यंत्र आणायला सांगितले, आणि ३ जानेवारी १९८२ रोजी कोल्ट्स नेक येथील भाड्याच्या घरात बहुतांश गाणी एकाच बैठकीत फितीवर उतरली. शुअर कंपनीचे ‘एसएम ५७’ हे दोन मायक्रोफोन, गिटार, माउथ ऑर्गन, मेंडोलिन, खंजिरी आणि धातूच्या पट्ट्यांचे ग्लॉकेनस्पील, एवढीच सामग्री होती. आधी गायन आणि गिटार एकत्र मुद्रित करून उरलेल्या दोन मार्गांवर जोडस्वर किंवा दुसरे वाद्य भरायचे, अशी पद्धत होती. नंतर सारे मार्ग एकत्र करताना एकोप्लेक्स या फितीवर चालणाऱ्या प्रतिध्वनियंत्रातून आवाज फिरवला गेला, ज्यामुळे १९५०च्या दशकातल्या मेंफिसच्या रॉक-अँड-रोल तबकड्यांसारखा एक आदळून परतणारा नाद त्यावर चढला. आणि हे मिश्रण उतरवून घेतले ते एकदा पाण्यात भिजून बंद पडलेल्या व पुन्हा चालू झालेल्या पॅनासॉनिकच्या साध्या कॅसेटयंत्रावर. आवाज दुरून येतो आहे, मध्ये रिकामी जमीन पसरली आहे, असे ‘नेब्रास्का’ ऐकताना जे वाटते त्याचे श्रेय या यंत्रसाखळीला जितके आहे तितकेच गायकाला आहे, आणि हे म्हटल्याने गायकाचे श्रेय कमी होत नाही.

गाण्यांची मुळे निरनिराळी आहेत. शीर्षकगीत चार्ल्स स्टार्कवेदर या तरुणाविषयी आहे, ज्याने १९५७-५८मध्ये नेब्रास्का आणि वायोमिंग राज्यांत अकरा जणांचे खून केले आणि ज्याला १९५९ साली देहान्त शिक्षा झाली. या घटनेवर बेतलेला टेरेन्स मॅलिक यांचा ‘बॅडलँड्स’ हा १९७३चा चित्रपट स्प्रिंगस्टीन यांनी पाहिला होता. फ्लॅनरी ओ’कॉनर या दक्षिणेकडच्या लेखिकेच्या कथा ते त्या सुमारास वाचत होते, आणि १९८० साली प्रसिद्ध झालेले जो क्लाइन यांचे गथ्री-चरित्र वाचल्यापासून ते मैफलींत गथ्रींचे गाणेही गाऊ लागले होते. ‘जॉनी ९९’मध्ये मावाह येथील मोटारींचा कारखाना बंद पडतो, फोर्ड कंपनीचा तिथला कारखाना १९८० साली खरोखरच बंद झाला होता. ‘अटलांटिक सिटी’ हे गाणे १९७६ साली जुगारगृहांना कायदेशीर मान्यता मिळालेल्या त्या किनारी शहराचे आणि मार्च १९८१मध्ये फिलाडेल्फियात बॉम्बस्फोटाने मारल्या गेलेल्या एका टोळीप्रमुखाच्या बातमीचे बोट धरून उभे राहते. अल्बम दुकानांत आला त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतली बेकारी १०.८ टक्क्यांवर पोचली होती, ही पार्श्वभूमी विसरून हा अल्बम ऐकता येणार नाही. पण त्यात घोषणा एकही नाही.

या गाण्यांतले बोलणारे आपल्याच तोंडाने आपली हकिगत सांगतात आणि पुष्कळदा समोरच्या न दिसणाऱ्या माणसाला ‘सर’ किंवा ‘मिस्टर’ म्हणून संबोधतात, जणू ते पोलिसासमोर, न्यायाधीशासमोर किंवा मालकासमोर उभे आहेत. जन्मभर कोणापुढे तरी जबाब देत आलेल्या माणसांची ही भाषा आहे, आणि ती इतक्या नेमकेपणाने ऐकू येते याचे कारण तिच्यावर ढोलाचा ठोका नाही. ‘हायवे पेट्रोलमन’मध्ये कर्तव्य आणि भावाची माया यांत अडकलेला पोलीस अधिकारी पाठलाग करता करता सरहद्दीजवळ गाडी थांबवतो आणि भावाला निसटू देतो, वाद्यवृंदाच्या गाण्यात इथे कळस चढला असता, पण गिटारची छेड मात्र तीच, तशीच चालू राहते आणि निर्णयाचा सारा भार शब्दांवर पडतो. ‘स्टेट ट्रूपर’मध्ये, न्यूयॉर्कच्या सुइसाइड या जोडगोळीच्या यंत्रवत संगीताचा प्रभाव घेऊन, एकाच खर्जातल्या ठेक्यावर रात्रीचा रस्ता चालत राहतो आणि शेवटी अचानक किंकाळी फुटते. संपूर्ण अल्बममध्ये भीतीची जाणीव याहून तीव्र कोठेही नाही.

व्यवस्थापक जॉन लँडाउ यांना ही कॅसेट टिपणांसह पाठवण्यात आली, आणि वसंत ऋतूत ई स्ट्रीट बँड न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत जमला. संगीतव्यवसायात ‘डेमो’ म्हणजे पक्क्या ध्वनिमुद्रणापूर्वी चाल, लय आणि शब्द कळावेत म्हणून केलेला कच्चा नमुना. तो मागे टाकण्यासाठीच असतो. इथे मात्र उलटे घडले. त्या कॅसेटवरचे ‘बोर्न इन द यू.एस.ए.’ साथीदारांच्या हाती पडताच प्रचंड आकाराचे झाले आणि १९८४च्या त्याच नावाच्या अल्बमचा पाया बनले, पण ‘नेब्रास्का’, ‘मॅन्शन ऑन द हिल’ यांसारखी गाणी वाद्ये वाढतील तशी निष्प्राण होत गेली. स्टुडिओत एकट्याने पुन्हा गाऊनही कॅसेटवरचा सूर पकडता आला नाही. अखेर, कित्येक आठवडे डबीशिवाय विजारीच्या खिशात घेऊन हिंडलेली ती मूळ कॅसेटच प्रकाशित करण्याचे ठरले. त्यावरच्या नऊ गाण्यांना मागाहून तशाच रीतीने मुद्रित केलेले ‘माय फादर्स हाउस’ जोडले गेले आणि दहा गाण्यांचा अल्बम तयार झाला.

तरीही एक अडचण उरली, आणि ती निव्वळ तांत्रिक होती. फितीवरचा आवाज तबकडीवर आणण्यासाठी लॅकरच्या थराने मढवलेल्या चकतीत खाच कोरावी लागते. डाव्या-उजव्या वाहिन्यांत समान असलेला ध्वनी त्या खाचेला आडवे वळण देतो आणि त्यांच्यातला फरक तिला उभी खोली देतो, त्यामुळे दोन वाहिन्या एकमेकींशी नीट जुळलेल्या नसल्या तर सुई खाचेत टिकत नाही. हौशी यंत्रावर, डोके साफ न करता आणि पातळ्या नीट न बांधता केलेल्या त्या कॅसेटने अनुभवी तंत्रज्ञांना जेरीस आणले. अभियंते टोबी स्कॉट आणि सहनिर्माते चक प्लॉटकिन यांनी एकामागून एक ठिकाणी प्रयत्न केले, आणि हा अल्बम केवळ कॅसेटवरच काढावा असाही विचार झाला. शेवटी आवाजाची पातळी नेहमीपेक्षा बरीच खाली ठेवून डेनिस किंग यांनी तबकडी कोरली. ‘नेब्रास्का’ लावल्यावर श्रोत्याला आवाज वाढवावा लागतो किंवा जवळ सरकून बसावे लागते, याचे उगमस्थान हे आहे.

एवढ्या यशस्वी गायकाने असा अल्बम द्यावा आणि कंपनीने तो स्वीकारावा, हेही नोंद घेण्याजोगे आहे. दौरा निघाला नाही, मुलाखती फारशा दिल्या गेल्या नाहीत, ‘अटलांटिक सिटी’च्या कृष्णधवल चित्रफितीत गायक स्वतः दिसत नाही, मुखपृष्ठावर आहे ते डेव्हिड मायकल केनेडी यांनी १९७५च्या हिवाळ्यात मोटारीच्या काचेतून टिपलेले ओसाड रस्त्याचे छायाचित्र. तरीही अल्बम बिलबोर्डच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, आणि १९८३ साली जॉनी कॅश यांनी त्यातली दोन गाणी आपल्या अल्बममध्ये घेतली. पुढच्या दोन दशकांत चार मार्गांच्या कॅसेटयंत्रावर घरीच अल्बम करणाऱ्या गायकांची एक पिढी उभी राहिली. खरखर आणि त्रुटी यांचा सौंदर्य म्हणून स्वीकार करण्याची त्यांची वृत्ती कधीकधी निव्वळ शैली बनली, आणि तिथे ती पोकळ वाटते. कारण ‘नेब्रास्का’तली खरखर कोणी हौसेने घातलेली नव्हती, ती काढता आली नव्हती. २००६-०७च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या वडिलांच्या लाकडी घरात जस्टिन व्हर्नन यांनी ‘बॉन इव्हेर’ या नावाने केलेला पहिला अल्बम या परंपरेत शोभण्याजोगा आहे. स्वतः स्प्रिंगस्टीन १९९५ साली ‘द घोस्ट ऑफ टॉम जोड’ घेऊन या वाटेवर परतले आणि त्या वेळी एकटेच नाट्यगृहांतून गात फिरले. शीर्षकातले नाव स्टाइनबेकचे तसेच गथ्रींच्या त्या दोन बाजूंवर तोडलेल्या गाण्याचे होते.

साथीदारांसह केलेली १९८२ची ध्वनिमुद्रणे चार दशके केवळ चर्चेत होती. २०२५च्या ऑक्टोबरात ती विस्तारित आवृत्तीत प्रकाशित झाली. ती ऐकल्यावर जुना निर्णय रास्त होता हे पटते, पण अपेक्षेप्रमाणे सरसकट नव्हे. ‘बोर्न इन द यू.एस.ए.’चे तिघांनी वाजवलेले रूप उग्र आणि जिवंत आहे, आणि काही गाण्यांत वाद्यांनी आणलेली चपळाई मनाला भावते. शीर्षकगीत मात्र साथीदार कितीही हळुवारपणे वाजवत असले तरी हलके होते: खुनी तरुणाच्या कबुलीजबाबाच्या वेळी खोलीत आणखी माणसे आहेत हे कानाला कळते, आणि मग तो कबुलीजबाब राहत नाही.